कुठंच न जाणारी वायर

१

गाडी उभ्या उभ्या बॅटरी खाते अशी तक्रार आली की वायरवाली आधी मालकाला गप्प करायची. ‘तुम्ही तिकडे बाकावर बसा. मला गाडीशी बोलू द्या.’ मग चावी काढून घ्यायची, बॅटरीची काळी केबल सोडवायची आणि केबल नि बॅटरीच्या मधे आपला जुना काट्याचा मीटर लावायची. सगळं बंद असताना गाडीनं काही मागायचं नसतं. घड्याळापुरतं चिमूटभर सोडलं तर काटा शून्याला चिकटलेला हवा. नसेल तर गाडीत कुणीतरी जागं आहे. मागचा दिवा, नाहीतर चिकटलेला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, नाहीतर कुणी हौशीनं बसवलेला रेडिओ. एकेक फ्यूज उपटत जायचं. ज्या फ्यूजला काटा पडला, चोर तिथं.

तेवीस वर्षं ती हेच करत होती. शाळा चौथीपर्यंत. काम नवऱ्याकडून शिकली. नवरा घर सोडून गेला तेव्हा हत्यारांची पेटी न्यायला विसरला, आणि महिन्याभरानं मागायला आला तेव्हा हिनं दिली नाही. तिचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायची कुणाची टाप नव्हती.

त्या दिवशी सकाळी नऊला जी जुनी पांढरी व्हॅन धापा टाकत गाळ्यात शिरली तिच्या मालकाला मात्र बाकावर बसवता येईना. ते भावजी होते, तिच्या ताईचे यजमान.

‘परत?’ तिनं विचारलं.

‘परत. काल सकाळी चार्जरवरून काढली, बॅटरी भरलेली होती. आज हॉर्नसुद्धा वाजला नाही. शेजाऱ्याच्या गाडीवरून करंट घेऊन चालू केली.’

‘आधी असं करायची?’

‘आधी मी माल टाकायचो, दिवसभर फिरायची. तेव्हा काही नव्हतं. आता तुझ्या ताईच्या हॉस्पिटलापुरतीच निघते, एरवी उभीच. विकणारा म्हातारा म्हणालाच होता, उभी ठेवू नका.’

‘का, ते सांगितलं नाही?’

‘मी विचारलं नाही.’

‘पुरुषांना विचारायला काय होतं कुणास ठाऊक,’ वायरवाली म्हणाली आणि बॉनेट उघडलं.

ती बोलली तेवढं हलकं हे प्रकरण नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा सकाळी सात वाजता तिला हॉस्पिटलात मशीनवर घालायचं. मागच्या खेपेला व्हॅन चालू झाली नाही, दुसरी गाडी मिळेपर्यंत तीन तास गेले, मशीनची खुर्ची दुसऱ्याला दिली गेली. दुपारपर्यंत ताईच्या छातीत पाणी चढलं. आडवं होता येईना. उशा रचून बसवली होती आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. तिथली नर्स भावजींना म्हणाली, ‘पुढच्या वेळी उशीर झाला तर खुर्ची मागू नका, स्ट्रेचर मागा.’

पुढची वेळ उद्या सकाळी होती.

‘तुम्ही घरी जा,’ वायरवालीनं सांगितलं. ‘ताईला एकटं ठेवू नका. संध्याकाळी गाडी न्या. पहिल्या चावीला चालू झाली नाही तर माझं नाव बदला.’

‘कुठलं?’ भावजींनी विचारलं. पहिल्यांदाच जरा हसले आणि गेले.

२

काटा दीडवर गेला.

दीड अँपिअर म्हणजे थोडंथोडकं नव्हे. एका दिवस-रात्रीत असली बॅटरी मरायला तेवढं पुरतं. तिला बरंच वाटलं. मोठी चोरी लवकर सापडते. मीटर तिनं पुढच्या काचेवर वायपरखाली अडकवला, म्हणजे गाडीत बसून आतून दिसेल, आणि फ्यूज काढायला लागली.

हेडलाईटचा काढला. दीड. हॉर्नचा. दीड. पंख्याचा, वायपरचा, आतल्या दिव्याचा. दीड, दीड, दीड. फ्यूजच्या डबीतले सगळे अकरा फ्यूज तिच्या मांडीवरच्या फडक्यात आले, तरी काटा तिथंच. मग तिनं बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरची वायर सोडवली, कारण तो बिघडला तर बॅटरी उलटी पितो. स्टार्टरची सोडवली. आता या गाडीत करंटला जायला वाटच उरली नव्हती. कापलेल्या कोंबडीसारखी गाडी मोकळी पडली होती आणि काटा दीडवर.

नीट बघितल्यावर कळलं की तो अगदी स्थिर नव्हता. किंचित चढायचा, किंचित उतरायचा. सावकाश. रिले असा वागत नाही. रिले एकतर ओढतो नाहीतर सोडतो.

‘काय गं बाई, आज गाडीला शिव्या नाहीत?’ शेजारच्या गाळ्यातून पंक्चरवाल्यानं हाक दिली. दोघं पंधरा वर्षं भिंतीला भिंत लावून धंदा करत होते आणि एकमेकांना घालूनपाडून बोलल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

‘तुझ्यासाठी राखून ठेवल्यात,’ ती म्हणाली. पण नजर काट्यावरून हलली नाही. चढला. उतरला. तिच्या लक्षात आलं की आपणही त्याच चालीनं श्वास घेतोय. तिनं मुद्दाम खोकून ती चाल मोडली.

३

वायर तिला बॅटरीच्या लाल टोकाखाली सापडली. आधी दिसली नव्हती, कारण ती दिसू नये अशी लावली होती. मूळ केबलच्या काळ्या नळीतून आत गेलेली, जाड, लाल, आणि मधे फ्यूज नाही. कुणीतरी थेट बॅटरीवरून नेली होती.

काम बघून वायरवालीनं दाद द्यावी तसे ओठ बाहेर काढले. ती सहसा दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हणत नसे. पण वीतभर अंतरावर दोऱ्याची गाठ, वळणावर रबराची गादी, पत्र्यातून जाते तिथं धार लागू नये म्हणून गुंडाळलेलं कापड. हे घाईचं काम नव्हतं. लहान मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं हे घातलं होतं.

चटई उचलून ती वायरच्या मागे मागे गेली. ड्रायव्हरच्या सीटखालून, मागच्या बाकाखाली, मग वर. मागच्या बाकावर तिघं बसतात. वायर मधल्या जागेत चढली होती. तिनं सीटचं रेक्झिन मागून उसवलं, फोममधे हात घातला आणि टोक बाहेर घेतलं.

टोकाला काही नव्हतं.

बल्ब नाही, गरम करणारी तार नाही, कुठल्या लोखंडाला टेकलेलं नाही. तांब्याच्या तारा घासून स्वच्छ केलेल्या आणि बोटांसारख्या हलकेच फाकवलेल्या. रेक्झिनच्या बरोबर खाली, बसणाऱ्याला टोचू नयेत अशा. बस. वायर तिथं संपत होती.

करंटला जायला वाट लागते आणि परत यायलाही वाट लागते. हे तिला तिच्या नवऱ्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि तो खोटारडा असला तरी हे खोटं नव्हतं. हवेत सुटलेल्या टोकातून काही वाहत नाही.

तिनं मान वळवून काचेतून मीटर बघितला. दीड.

फोम ओला असेल, तिनं मनाशी म्हटलं. ओलीतून सीटच्या सांगाड्यात उतरत असेल. तिनं फोम मुठीत दाबला. तो पापडासारखा कोरडा होता.

४

फोन वाजला तेव्हा तिच्या हातातून पक्कड पडली. ताई होती.

‘सापडलं का गं?’

‘सापडेल. ताई, तू मागे कुठं बसतेस?’

‘खिडकीशी.’

‘मधे ऐसपैस का बसत नाहीस? पाय तरी लांब होतील.’

‘मधे कसं बसणार?’ ताई म्हणाली. भरलेल्या बाकाबद्दल बोलावं तशा साध्या आवाजात. आणि मग, ‘मशीनवरून उतरलं ना, की हाडं गोठतात. कितीही पांघरा. पण गाडीत त्या बाजूनं ऊब येते. येताना तेवढंच बरं वाटतं बघ मला. हीटर आहे का गं तिथं?’

‘असेल.’

‘असेल काय, तूच सांग. वायरवाली तू का मी?’

फोन ठेवून वायरवाली बाकाकडे वळली. बाहेर ऊन होतं. रस्त्यानं माणसं जात होती. पंक्चरवाल्याच्या हवेच्या मशीननं फटफट लावली होती. भ्यायला इथं काहीही नव्हतं. गरम झालेला भाग शोधायचा असला की ती हाताची पालथी बाजू फिरवायची, कारण तळहात कामानं निबर झालेला. तसा तिनं हात बाकावरून फिरवला. डावी जागा गार. उजवी गार. मधली ऊबदार. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. नाही, उठून गेल्यावर ऊब विरत जाते. ही विरत नव्हती.

‘ए, इकडे ये,’ तिनं पंक्चरवाल्याला हाक मारली. ‘मीटर तुझ्याकडे फिरव, काचेसमोर उभा राहा आणि काटा वाचत जा.’

‘माझा वेळ फुकट आहे का?’

‘तुझा सगळाच फुकट आहे. ये.’

तो हात पुसत आला. ‘दीड,’ त्यानं वाचलं. तिनं हात मधल्या जागेवर, रेक्झिनपासून वीतभर वर धरला. आणि खाली आणू लागली.

‘दीड. सव्वा. एक.’ त्याचा आवाज बदलला. ‘बाई, तू काय करतेस आत?’

‘काही नाही. हात आणतेय.’

‘कशावर?’

तळव्याखाली अजून रेक्झिन लागलं नव्हतं. चांगलं चार बोटं अंतर होतं. तरी हाताखाली काहीतरी होतं. दाबलं तर दबेल असं. ऊबदार.

‘पाव,’ पंक्चरवाला म्हणाला. ‘पाववर थांबलाय. हलतच नाही. दम धरून बसल्यासारखा.’

तिनं हात झटकन मागे घेतला.

‘आता चढला,’ तो बाहेरून सांगत होता. ‘एक. दीड. पावणेदोन. परत दीड. सोडला दम.’ तो आपल्याच विनोदाला हसला, मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला. ‘ही गाडी कुणाची गं?’

‘माझ्या बहिणीची.’

‘परत करून टाक जिथून आणली तिथं.’

‘आणि उद्या सकाळी तिला पाठीवर घेऊन तू जाणार का?’ ती म्हणाली.

तो गेला. दुपारी जेवायला म्हणून गाळा बंद करून गेला तो त्या दिवशी परत उघडायला आला नाही.

५

खरं म्हणजे इथं तिनं थांबायला हवं होतं. इतक्या चांगल्या हाताचा माणूस वायरचं टोक उगाच रिकामं सोडत नाही. त्यानं ती कुणासाठी नेली, का नेली, आणि नसती नेली तर काय झालं असतं, एवढं तरी स्वतःला विचारायला हवं होतं. पण तेवीस वर्षांचं वळण होतं. चोर सापडला की वायर काढायची, काटा शून्यावर आणायचा, गाडी द्यायची. हाताला शून्याशिवाय दुसरं काही ठाऊकच नव्हतं. आणि ती घाबरली होती. घाबरली की तिला राग यायचा, आणि रागात तिचे हात फार भराभर चालायचे.

‘माझ्या बहिणीच्या जिवावर बसून पितोस होय?’ ती रिकाम्या गाडीला म्हणाली. लाल टोक सोडवलं. दोऱ्याच्या गाठी एकेक करून कापल्या. वायर ओढून काढताना ती जरा अडली, पलीकडून कुणी धरल्यासारखी. तिनं बाकाला पाय लावून हिसडा दिला. वायर आली. तिचे वीतवीत तुकडे करून तिनं भंगाराच्या पिंपात टाकले, आणि तासाभरानं तांबं नेणारा टेम्पो आला त्याला पिंप उचलून दिलं.

काटा शून्य.

तिनं सगळे फ्यूज परत बसवले. घड्याळाला लागतं ते चिमूटभर, बाकी शून्य. चार वाजेपर्यंत ती मीटरसमोर बसून राहिली. हलला नाही. काम झालं होतं. असं काम झालं की तिला पोटातून बरं वाटायचं. आज वाटलं नाही. ती रेक्झिन शिवायला मागे गेली तर मधल्या जागेला खळगा पडलेला होता, आणि तिनं कितीही थोपटला तरी फोम वर येईना. तिनं पालथा हात लावला.

बर्फाच्या लादीला लावावा तसा तो चिकटला. सोडवताना कातडी ओढली गेली.

खालचं लोखंड गार असतं, तिनं स्वतःला सांगितलं. सावलीतली गाडी. बॅटरी बंद. मग गारच असणार ना.

संध्याकाळी भावजींनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. त्यांनी वायरवालीला हात जोडले. इतक्या वर्षांत कधी जोडले नव्हते.

‘उद्या मी पण येते,’ ती म्हणाली.

‘कशाला? गाळा बंद राहील.’

‘राहू दे.’

६

सकाळी सव्वासहाला ताई मागे खिडकीशी बसली. डोक्यावरून शाल, पायांना सूज. वायरवाली पुढे भावजींच्या शेजारी, पायाशी हत्यारांची पेटी. गाडी छान चालत होती. भावजी तर गुणगुणायच्या बेतात होते.

‘ताई, बरी आहेस ना?’

‘बरी आहे. आज गार आहे गं गाडीत.’

‘काच लाव.’

‘लावलीय.’

दोन वळणांनंतर तिनं परत विचारलं. ताईनं नुसतं हं केलं. मग रेल्वेचं फाटक लागलं. ते बंद होतं. मालगाडी होती, लांबलचक, आणि पुढे गाड्यांची रांग. भावजींनी सवयीनं इंजिन बंद केलं.

‘बंद करू नका,’ वायरवाली म्हणाली.

‘आता काय भीती? तूच दुरुस्त केलीस ना?’

मालगाडी धडधडत होती. दोन डब्यांच्या मधे जो क्षणभर खंड पडे त्यात तिला मागून रेक्झिनचा करकर आवाज आला. कुणी बसल्या जागी अंग सारखं करावं तसा. ताई हलत असेल. मग ताईचा आवाज आला, झोपेतल्यासारखा, प्रेमळ.

‘घे, तूही घे. तुलाही थंडी वाजतेय ना.’

‘काय गं ताई? मी पुढे आहे,’ वायरवाली म्हणाली आणि मागे वळली.

ताईचे ओठ जांभळे पडले होते. डोळे अर्धे मिटलेले. तिचं डोकं मधल्या जागेच्या बाजूला कललं होतं, खूप कललं होतं, आणि पडत नव्हतं. कानाखाली काही नव्हतं. उशी नाही, बाकाची पाठ नाही. हवेत, खांद्याच्या उंचीवर, ताईचं डोकं टेकलेलं होतं आणि तिचा गाल एका बाजूनं दबलेला होता.

शालीचं एक टोक तिनं मधल्या जागेवर पसरलं होतं. ते खाली लोंबत नव्हतं. दोन गुडघ्यांवरून उतरल्यासारखं आधी वर होतं आणि मग खाली आलं होतं.

मधल्या जागेच्या समोर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, हवा श्वासासारखी पांढरी होत होती.

‘भावजी, मागे बघू नका,’ वायरवाली म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. ‘नुसतं सांगा, हॉस्पिटल किती लांब?’

‘फाटक उघडलं की वीस मिनिटं. का? काय झालं?’

वीस मिनिटं. ताईच्या नाकपुडीसमोर मात्र हवा पांढरी होत नव्हती. आत-बाहेर होत होती की नाही तेच कळत नव्हतं.

७

आता वायर नव्हती. तांबं कधीच वितळायला गेलं असेल. तिच्या पेटीत वायरचं भेंडोळं होतं, पण ती चटई उचलेपर्यंत, पत्र्यातून भोक शोधेपर्यंत ताई राहिली नसती. ताईला बाहेर ओढावं तर रांगेत पुढे-मागे गाड्या, खाली खडी, आणि ताईचं अंग असं पडलेलं की दोघांनाही उचललं नसतं. भावजींनी तर मागे बघितलं आणि स्टिअरिंग धरून बसले. त्यांना काय दिसलं ते त्यांनी पुढे कधी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

ती उतरली. सरकतं दार उघडलं. बाकाच्या मोकळ्या बाजूला आत पाय टाकला आणि वाकून उभी राहिली. गारवा तोंडावर आला. पळून जावं असं तिला वाटलं. खरंच वाटलं, पायांना वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला शिवी सुचेना.

‘तिला सोड,’ ती म्हणाली. दात वाजत होते. ‘तिच्यात आहे काय घ्यायला? आजारी बाई ती. माझं घे. मी धडधाकट आहे. काल चूक माझी झाली.’

काही झालं नाही. पुढे मालगाडीचा शेवटचा डबा गेला आणि घंटा थांबली.

तिनं डोळे मिटले, वळली, आणि ताई नि त्या जागेच्या मधे जबरदस्तीनं घुसून बसली. भरल्या गाडीत दोघींच्या मधे कुल्ला टेकवावा तशी. बाक रिकामा नव्हता. तिच्या मांडीखाली आधी एक मांडी आली, बारीक आणि टणक. मग ती सरकली. रेक्झिन करकरलं. कुणीतरी जागा करून दिली.

ताईचं डोकं खाली आलं आणि वायरवालीच्या डाव्या खांद्यावर पडलं. जड, खरं. थोड्या वेळानं मानेवर श्वास लागला. तुटका, पण लागला. शालीतली बोटं तिनं हातात घेऊन चोळली. नखांचा जांभळेपणा हळूहळू उतरत होता.

‘निघू का?’ भावजींनी पुढूनच विचारलं. त्यांचा आवाज रडवेला होता. ‘फाटक उघडलं. बसलीस का नीट? दार लावलंस?’

तिनं दाराकडे बघितलं. ते तिच्यापासून हातभर लांब होतं आणि मधे रिकामी जागा होती. तिनं हात लांब केला नव्हता. दार आपल्या जागी सरकत गेलं आणि खटकन लागलं.

‘लागलं,’ ती म्हणाली. ‘चला.’

गाडी रुळांवरून गचके खात गेली. प्रत्येक गचक्याला उजवीकडून काहीतरी तिच्यावर रेलत होतं आणि सावरत होतं. मग रस्ता सरळ झाला आणि सावरणं थांबलं. गारवा मांडीतून कमरेत चढला, कमरेतून बरगड्यांत. ती ताईची बोटं चोळत राहिली आणि मनात मोजत राहिली. आज जाताना वीस मिनिटं. दुपारी येताना चाळीस, तेव्हा गर्दी असते. परवा पुन्हा. मशीन ताईला जन्मभर लागणार होतं.

तिच्या उजव्या खांद्यावर, हळूच, ओळखीच्या माणसासारखं, एक डोकं टेकलं.

तिनं खांदा जरा खाली केला, म्हणजे त्याला नीट टेकता येईल.